दोन फूट पाण्याखालचा उजेड

मंडळी, या वेळचा विषय जरा वेगळा आहे. फिशटँकवरचा दिवा! हसू नका. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की "हे आधी कसं होतं?" हा प्रश्न मला पडतोच. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड काही जात नाही.

निमित्त असं झालं, की माझा भाचा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याची टाकी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. तीन फूट लांब, दोन फूट खोल. आत प्लॅस्टिकची नव्हे, खरी झाडं. "मावशी, मासे तगतील गं, झाडांकडे बघ" एवढंच म्हणाला. दोन महिन्यांत त्याचं म्हणणं कळलं. मासे मजेत होते, पण तळाशी लावलेली झाडं एकेक पान टाकत होती.

मासा मेला तर तो वर तरंगतो, घरातलं लहान मूलही धावत येऊन सांगतं. झाडाचं तसं नसतं. आधी खालची पानं पिवळी पडतात, मग काचेसारखी पातळ होतात, मग देठापासून सुटतात. महिना महिना ते उपाशी असतं आणि आलेले पाहुणे म्हणतात, "टाकी काय सुंदर आहे!" उजेड हे त्याचं अन्न आहे हे पाचवीच्या मुलालाही पाठ असतं. पण समोर लख्ख दिवा दिसत असताना झाड उपाशी असेल हे मनात येत नाही.

दुकानात गेले तर तीन खोकी समोर आली. एकावर वॅट मोठ्या अक्षरात, दुसऱ्यावर ल्युमेन, तिसऱ्यावर केल्विन. दुकानदार म्हणाला, "आजी, टाकी खोल आहे ना, जास्त वॅटचा घ्या." सगळ्यात महागडा दिवा घ्यायचा म्हणजे पेन्शनला चांगलंच भोक! म्हटलं, आधी जरा अभ्यास करू. आणि वाचता वाचता अडीचशे वर्षं मागे जाऊन पोहोचले.

१७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने एक साधा प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नाही. पण त्याच हवेत पुदिन्याची काडी ठेवली, तर काही दिवसांनी मेणबत्ती पुन्हा जळते. झाड हवा सुधारतं हे त्याने दाखवलं. उजेडाचा भाग मात्र त्याच्या हातून निसटला होता. तो पकडला डच वैद्य यान इंगेनहाउझ याने. हा तोच, ज्याने १७६८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवी टोचल्या. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने पानं पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात त्यांच्यावर हवेचे बुडबुडे जमत आणि अंधारात ते थांबत. हे काम उन्हाच्या उष्णतेने नव्हे तर उजेडाने होतं हेही त्याने ताडलं. पाण्याखालची झाडं आणि उजेड यांचं नातं सांगणारं हे पहिलं पान म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, म्हणजे १८४९ मध्ये, लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करणारा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने बारा-तेरा गॅलनांच्या (आपले पन्नास-साठ लिटर) भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं. रोपाची कुजकी पानं पाणी गढूळ करू लागली, तेव्हा त्याने गोगलगाई आणल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि त्यांची अंडी माशांनी. असा तिघांचा संसार सुरळीत चालला आणि १८५० मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'द अक्वेरियम' आलं, आणि घरोघरी टाक्या ठेवायची टूम निघाली.

तेव्हा दिवा होता कुठे? खिडकी हाच दिवा. टाकी खिडकीशी ठेवायची, चारी बाजूंनी काच, चारी बाजूंनी ऊन. परिणाम काय झाला असेल हे टाकी पाळणाऱ्याला सांगायला नको. काचेवर हिरवं शेवाळ आणि पाण्याचा हिरवा काढा! तेव्हा वॉरिंग्टनने मागची बाजू उतरती असलेली टाकी केली, म्हणजे तळ्यात येतो तसा उजेड वरून येईल. उजेड किती यापेक्षा तो कुठून येतो आणि कुठे पोहोचतो, हा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता. पुढे विजेचे दिवे आले आणि आपण तो प्रश्न बराच काळ विसरलो.

कारण सरळ आहे. विजेचा दिवा बघणाऱ्यासाठी आला. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात मी मुलांची सहल घेऊन गेले होते. अंधारं दालन, उजळलेल्या पेट्या, आणि काचेला नाकं लावून उभी असलेली मुलं. तिथे उजेडाचं काम मासे दाखवण्याचं होतं, आणि ते त्याने उत्तम केलं. घरातल्या टाकीत मात्र त्याच उजेडावर झाडाचं पोट चालायचं असतं.

आता त्या खोक्यांवरच्या आकड्यांकडे वळू. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा पिवळसर हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो. १९२४ मध्ये डोळ्याच्या या आवडीनिवडीचा आलेख आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरला आणि ल्युमेनचा हिशोब त्यावर बसला. झाडाची आवड निराळी. १८८२ मध्ये नेदरलँड्समध्ये थिओडोर एंगेलमानने लोलकातून पडलेला रंगपट्टा शेवाळाच्या एका तंतूवर टाकला आणि भोवती प्राणवायूला हपापलेले जिवाणू सोडले. ते जमले तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी. म्हणजे झाड तिथे जास्त जेवत होतं. बघा, काय सुंदर प्रयोग आहे! जिवाणूंनाच साक्षीदार केलं. मात्र "झाडाला हिरवा उजेड चालतच नाही" असं जे सांगतात तेही खरं नाही. १९७२ मध्ये कीथ मॅक्री याने २२ पिकांवर मोजून दाखवलं, की झाडं हिरवा उजेडही बऱ्यापैकी वापरतात. म्हणून आज ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा उजेड झाडाच्या कामाचा धरतात आणि तो 'पार' या मापाने मोजतात. केल्विन हा आकडा उजेडाची छटा सांगतो, पिवळट की निळसर. तो आपल्या आवडीचा प्रश्न.

राहिले वॅट. हा आकडा वीज किती खर्च होते ते सांगतो, उजेड किती पडतो ते नाही. "गॅलनमागे इतके वॅट" हा नियम जाड ट्यूबलाइटच्या जमान्यातला. ट्यूबलाइट १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षं टाक्यांवर तीच राहिली. सगळ्यांकडे सारख्याच ट्यूबा, त्यामुळे नियम साधारण जुळायचा. पण त्यात खोली कुठे आहे? १०० सें.मी. लांब, ४० रुंद आणि २५ खोल अशी टाकी १०० लिटरची. आणि ४२ लांब, ४० रुंद, ६० खोल अशी टाकीही जवळपास १०० लिटरचीच. नियम दोघींना तेवढेच वॅट देतो, पण तळाशी पडणारा उजेड अगदी वेगळा असतो.

मग खोल टाकीत उजेड जातो कुठे? बहुतेक जण म्हणतात, पाणी पितं. याचा हिशोब फ्रान्सच्या पिएर बुगेने १७२९ मध्येच मांडला होता. पहिल्या थराने निम्मा उजेड घेतला तर दुसरा तेवढाच थर उरलेल्याच्या निम्मा घेतो, आणि असंच पुढे. पण स्वच्छ पाण्याची भूक मोठी नाही. तांबडा उजेड दोन फुटांत साधारण एक पंचमांश कमी होतो, निळा तर जवळजवळ नाहीच. लाकडाचा रंग उतरून पाणी चहासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी, मग निळा उजेड आधी जातो.

खरा चोर आहे अंतर. केप्लरने १६०४ मध्ये सांगितलं होतं, की एका बिंदूपासून निघालेला उजेड दुप्पट अंतरावर चौपट जागेत पसरतो, म्हणजे एका जागी चौथा हिस्सा पडतो. लांब ट्यूबचा उजेड इतका झपाट्याने नाही, पण निम्म्यावर येतोच. म्हणून खोल टाकीला उजेड एकवटून खाली पाठवणारा दिवा हवा, मग वॅट थोडे कमी असले तरी चालतात. बारीक टी-५ ट्यूबांमागे चकचकीत पत्रा लावायचे ते यासाठी. वरून टांगलेले मेटल हॅलाइड दिवे खोलवर पोहोचत, पण उष्णता फार. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापवून कुणाला परवडणार?

इथे गंमत म्हणून दोन अमानोंची गोष्ट सांगते. जपानचे ताकाशी अमानो यांनी पाण्याखाली रानं आणि कुरणं फुलवली. १,६०,००० लिटर पाण्याची, ४० मीटर लांबीची त्यांची शेवटची मोठी टाकी २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात उभी राहिली आणि त्याच वर्षी ते गेले. दुसरे हिरोशी अमानो, तेही जपानी. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. त्या निळ्या एलईडीमुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. एकाने पाण्यातलं रान दाखवलं आणि दुसऱ्याने त्या रानाला लागणारा दिवा स्वस्त केला. दोघांचं आडनाव सारखं, एवढाच काय तो योगायोग.

एलईडीवर लेन्स बसवता येते हा खोल टाकीसाठी मोठा फायदा. १२० अंशांत पसरणाऱ्या दिव्यापेक्षा ६० अंशांत एकवटणारा दिवा तळापर्यंत जास्त उजेड नेतो. पण बाजूंना अंधारे कोपरे राहतात, म्हणून एकाऐवजी दोन छोटे दिवे अंतरावर लावलेले बरे.

पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. आपल्या कासच्या पठारावर वायतुरा फुलतो. गुलाबी झाक असलेले दोन तुरे, सातारची खास वनस्पती, १९८२ मध्ये शास्त्रात नोंदलेली. (पाहायला जा, पण कृपा करून उपटून आणू नका.) तो पावसाळ्यात खडकावरच्या उथळ पाण्यात उगवतो, मोकळ्या आभाळाखाली. टाकीत लावतात त्यातली पुष्कळ झाडं मुळात अशीच काठावरची, उथळ पाण्यातली. दोन फूट खोली ही त्यांनी मागितलेली नाही, हॉलमध्ये शोभते म्हणून आपण दिलेली आहे. मग वाट चालायला लावायची ती फक्त उजेडालाच का? झाडही थोडं वर आणता येतं.

वॉरिंग्टनच्या व्हॅलिस्नेरियाला तर ही कला उपजतच आहे. रिबिनीसारखी पानं थेट पृष्ठभागापर्यंत जातात. मादीफूल मळसूत्रासारख्या देठावर पाण्याच्या वर येतं, नरफुलं सुटून तरंगत त्याच्यापर्यंत पोहोचतात, आणि नंतर देठ पुन्हा वेटोळं होऊन खाली जातो. खोली हा या बाईंना अडथळाच वाटत नाही.

तर अखेर मी मधल्या किमतीचे, लेन्सचे आणि उजेड कमीजास्त करता येणारे दोन दिवे घेतले. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावला. अनुबियस आणि जावा फर्न ओंडक्यावर निम्म्या उंचीला बांधले, तळाशी सावली सोसणारे क्रिप्टोकोरिन ठेवले. वर तरंगणारी झाडं काढून टाकली, झाकणाची काच दर आठवड्याला पुसते. दिवा रोज सात तास, टायमरवर. त्याहून जास्त उजेड दिला आणि कार्बन डायऑक्साइड व खत त्या मानाने पोहोचलं नाही, तर जेवण शेवाळाला मिळतं. चार महिन्यांनी व्हॅलिस्नेरियाची धावती खोडं वाळूवर पसरली आणि भाच्याला फोटो पाठवला.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा वॅट विचारू नका. तीनच प्रश्न विचारा. माझ्या टाकीच्या तळाशी 'पार' किती पडेल? (सावलीतल्या झाडांना हौशी लोकांच्या ढोबळ हिशोबात वीस ते चाळीस पुरतो.) दिव्याचा कोन किती? आणि उजेड कमी करता येतो का? दुकानदार गोंधळला तर गोंधळू द्या, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तो शोधून ठेवेल. वर्गातही असंच व्हायचं. एखाद्या पोराने नेमका प्रश्न विचारला, की दुसऱ्या दिवशी मी जास्त वाचून जायची.

असो. लेख जरा लांबला. कुणाकडे याहून खोल टाकी असेल तर तळाशी काय तगलं आणि काय गेलं, ते जरूर लिहा.