गुग्गुळ व रक्तातील कोलेस्टेरॉल

गुग्गुळ : (सं. गुग्गुलु, हिं. गुग्गुल; लॅ. कॉमिफोरा वायटी, कुल-बर्सेरेसी). राजस्थान, कच्छ व सिंधच्या रुक्ष प्रदेशांत वाढणारे काटेरी झुडूप. त्याच्या खोडातून पाझरून घट्ट होणाऱ्या राळयुक्त डिंकासही हेच नाव आहे. सुश्रुतसंहितेत हा डिंक मेदोरोगावर उपयुक्त मानला आहे.

आयुर्वेदातील मेद म्हणजे आधुनिक वैद्यकातील कोलेस्टेरॉल नव्हे. तथापि दोहोंत काही संबंध असावा, या विचाराने जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल घटते व रोहिणीविलेपी विकारास (रोहिण्यांच्या भित्तींत मेदद्रव्ये साचण्यास) आळा बसतो, असे त्यांनी १९६६ च्या प्रबंधात दाखविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या राळेतील गुग्गुलस्टेरोन ही स्टेरॉइड संयुगे वर्णिली. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेला प्रमाणित अर्क १९८०–९० या दशकात ‘गुगुलिपिड’ या नावाने भारतात औषध म्हणून मान्य झाला.

मुरादाबाद येथे ६१ रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या चाचणीत (१९९४) कमी घनतेच्या लिपोप्रथिनातील कोलेस्टेरॉल १२·५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनण्यावर यकृतातील एक ग्राही प्रथिन नियंत्रण ठेवते; गुग्गुलस्टेरोन त्यास रोधते, असे अमेरिकेतील संशोधकांना २००२ मध्ये दिसून आले. परिणामाचे कारण सापडले, असे त्यामुळे वाटू लागले. परंतु पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे १०३ व्यक्तींवर आठ आठवडे केलेल्या चाचणीत उलट निष्कर्ष निघाला. गुग्गुळ घेणाऱ्यांत हेच कोलेस्टेरॉल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांत ५ टक्क्यांनी घटले. अधिक मात्रा घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळही उठले. आहार व मात्रा यांतील भेदांमुळे या दोन चाचण्यांची सरळ तुलना करता येत नाही. तथापि जुन्या ग्रंथातील निर्देश किंवा प्राण्यांवरील प्रयोग हा मानवी चाचणीचा पर्याय होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दरम्यान वनस्पतीची मोठी हानी झाली. अधिक डिंकासाठी खोडावर खोल खाचा पाडल्याने झुडपे वाळतात; वाढ मंद असल्याने ही तूट लवकर भरून येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१५ च्या यादीत या जातीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. त्यामुळे औषधाचा निर्णय लागण्यापूर्वीच त्याचा स्रोत आटण्याचा धोका निर्माण झाला आहे.