भीमेचा हलता काठ आणि पळसनाथ

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेकडून भीमा व दक्षिणेकडून नीरा वाहते. दोघींचा संगम नीरा नरसिंहपूर येथे होतो. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या भीमेचा काठ पूर्वी ठरलेला होता. पावसाळ्यात पूर येई, ओसरे आणि नदी पुन्हा आपल्या पात्रात जाई. घाट, देवळे व मळे त्याच हिशेबाने वसले होते.

सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे भीमेवरील धरण १९८० साली पूर्ण झाले आणि हा हिशेब बदलला. यशवंतसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. अंतर केवळ एकोणीस फुटांचे. परंतु भीमेचे खोरे सपाट व उथळ असल्याने एवढ्या उतारानेही पाणी दूरवर मागे सरते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. येथील भरती-ओहोटी वर्षातून एकदाच होते. मागे हटलेल्या पाण्याखालची जमीन गाळपेरीला मिळते आणि भिगवण-कुंभारगावच्या उथळ दलदलीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

या भूमीचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. तो सहजी हलत नाही. त्यावरील काळी माती मात्र लाटांनी कापली जाते आणि संथ पाण्यात गाळ होऊन तळाशी बसते.

याच पाण्यात जुने पळसदेव गाव गेले. गावकऱ्यांनी घरे नव्या गावठाणात नेली व तेथे पळसनाथाची पूजा चालू ठेवली. जुने हेमाडपंती मंदिर मात्र तळाशी राहिले. पाणी फार खाली गेले की प्रथम शिखर, मग सभामंडप व वीरगळ दिसू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच दर्शन घडले व भाविकांची रीघ लागली. परंतु भिजणे आणि वाळणे यांच्या फेऱ्यात चुन्याची दर्ज सुटते व दगड सैल होतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

जुन्या देवळात दिवा लावलेली पिढी आता थोडी उरली आहे. जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवे शिखर व नवा कळस नव्हे. पाणी उतरेल तेव्हा जुन्या दगडांची मापे घ्यावीत, वीरगळांची नोंद करावी आणि वेस, पार, पाणवठा कोठे होता हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. काठ दरवर्षी हलणारच; गावाची आठवण तेवढी स्थिर ठेवणे गावाच्याच हाती आहे.