पाच विकलांचा फरक

आमच्या देवरीहून महामार्गाने पश्चिमेस नागपूर गाठावे व तेथून दक्षिणेस वळावे, म्हणजे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट लागते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांनी २० जानेवारी १८२३ रोजी येथेच देह ठेवला. त्यांची कबरही येथेच आहे. अचूक मोजमाप म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या व त्यांच्या वारसांच्या कामात शोधावे असे आम्हांला वाटते.

या कामाचा प्रारंभ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माऊंट येथे झाला. साडेसात मैलांची एक आधाररेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजण्यास ५७ दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांत अंथरीत, तिच्यावर सावली धरीत आणि शेजारी तापमापक ठेवीत. कारण पोलाद उन्हाने वाढते. दहा अंश सेल्सिअस तापमान चढले तर ही साखळी जेमतेम साडेतीन मिलिमीटर वाढेल; पण साडेसात मैलांत तीच चूक सुमारे १ मीटर ४० सेंटिमीटर होईल.

कोन मोजण्यासाठी ३६ इंची वर्तुळाचा, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटला व यंत्र आदळून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन यांनी तंबूत बसून, सुमारे सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले. परंतु ठोकून सरळ केलेल्या वर्तुळावर भरवसा किती ठेवावा? त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी वर्तुळ फिरवून तोच कोन त्याच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा वाचण्याची पद्धत काटेकोरपणे पाळली. सरासरी काढली म्हणजे खुणांतील उणे-अधिक परस्परांना पुष्कळसे मारते. १८४१ मध्ये बीदरची ४१,५७८ फुटांची आधाररेषा नव्याने मोजली, तेव्हा उत्तरेकडून त्रिकोणांच्या साखळीने गणित करून आलेली लांबी व प्रत्यक्ष लांबी यांत फरक निघाला तो केवळ सव्वाचार इंचांचा.

तथापि एक फरक मिटेना. उत्तरेतील कलियाना आणि मध्य भारतातील कलियानपूर ही ठाणी सुमारे सहाशे किलोमीटर दूर. त्यांच्या अक्षांशांतील अंतर जमिनीवरील मोजणीने एक येई, ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे. तफावत ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांची. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीत साचलेली चूक मानून वाटून टाकली. पण आकडा लपविला नाही. म्हणूनच तो कलकत्त्याचे अँग्लिकन धर्मगुरू आर्चडीकन जॉन प्रॅट यांच्या हाती पडला. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा कलतो, हे जाणून त्यांनी १८५५ मध्ये गणित मांडले. त्यानुसार फरक सुमारे १६ विकला हवा होता! प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचविला: पर्वताखाली हलक्या खडकाची खोल मुळे असावीत. पृथ्वीच्या कवचाच्या समतोलाचा सिद्धान्त यातूनच वाढला.

यात दोन प्रकारच्या चुका दिसतात. हाताची, डोळ्याची चूक कधी उणी, कधी अधिक असते. ती पुनःपुन्हा मोजून घटविता येते. परंतु कललेला ओळंबा हजार वेळा पाहिला तरी हजार वेळा त्याच बाजूस फसवितो. ती चूक दुसऱ्या मार्गाने मोजल्यावाचून उघडकीस येत नाही.

हा विचार केवळ पर्वतांपुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आमच्यासारख्या वनव्याप्त मुलखात कसणाऱ्याची जमीन हातातील जीपीएस यंत्राने मोजतात. दाट झाडीखाली अशा यंत्राचे स्थान काही मीटर ढळू शकते. पन्नास मीटर बाजूच्या चौरस शेताची प्रत्येक हद्द दोन मीटर आत धरली गेली, तर २,५०० चौरस मीटरांचे २,११६ उरतात. शेकडा पंधरा जमीन कागदावर नाहीशी होते. यंत्राच्या पडद्यावरील आकडा दशांशापर्यंत असतो, म्हणून तो खरा ठरत नाही. पट्टा हाती घेणाऱ्याने तो किती मीटर इकडेतिकडे होऊ शकतो हे विचारावे, मोजणाऱ्याने ते लिहून द्यावे, आणि शेताच्या बांधाशी व गावातील वडीलधाऱ्यांच्या साक्षीशी तो ताडून पाहावा.