श्वसनमुळे

खारफुटी वनस्पतींची चिखलातून वर हवेत वाढणारी मुळे. खाडीचा गाळ पाण्याने कायम भिजलेला असतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो आणि जो थोडाफार झिरपतो तो सूक्ष्मजीव फस्त करतात. गाळ उकरताच सुटणारा कुजक्या अंड्यांसारखा वास याच कमतरतेचा.

तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी सडपातळ, साधारण वीतभर उंच. जमिनीतील आडव्या मुळावर ती रांगेने उगवतात. ओहोटीच्या वेळी त्यांतून अनवाणी चालून पाहावे, म्हणजे त्यांची दाटी कळते. चिपीची मुळे जाड, शंकूच्या आकाराची. कांदळाची खोडापासून कमानीसारखी सुटणारी आधारमुळेही हवा पुरवतात. मात्र त्यांना सरसकट श्वसनमुळे म्हणणे बरोबर नाही.

हवा सालीवरील वल्करंध्रांतून शिरते व आतल्या सच्छिद्र ऊतीतून खाली उतरते. भरतीत रंध्रे बुडतात. कोंडलेला ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि मुळातील दाब घटतो. पाणी ओसरले, की हवा आपोआप आत ओढली जाते. शोलांडर व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कांदळाच्या आधारमुळांवरील रंध्रे ग्रीसने बुजवली, तेव्हा चिखलातील मुळांमधला ऑक्सिजन झपाट्याने घटला.

तेलगळतीत नेमके हेच घडते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल लगतच्या खारफुटीत पसरले होते.