सुवर्ण नियंत्रण आणि सोनारकाम

भारतात १९६३ ते १९९० या काळात सोन्याचा व्यापार, साठा आणि दागिन्यांची घडण यांवर केंद्र शासनाने घातलेली बंधने ‘सुवर्ण नियंत्रण’ या नावाने ओळखली जातात. परकीय चलनाची बचत, चोरट्या आयातीस आळा आणि सोन्यात गुंतलेली बचत उत्पादक कार्याकडे वळविणे, हे त्यांचे प्रमुख हेतू होते. मोठे साठेबाज व चोरटे व्यापारी हे त्यांचे लक्ष्य असले, तरी त्यांचा पहिला आघात स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्या सोनारांवर झाला.

स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर निर्बंध असल्याने देशातील भाव आंतरराष्ट्रीय भावापेक्षा चढा राही. त्यामुळे चोरटी आयात किफायतशीर ठरे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकीय चलनाची निकड वाढली. त्या वर्षी सुवर्णरोखे काढण्यात आले आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकीर्दीत भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण लागू झाले. नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे करण्यास मनाई, हे त्यातील सर्वांत कडक कलम होय.

२२ कॅरटच्या सोन्यात सु. ९१·६ टक्के, तर १४ कॅरटमध्ये सु. ५८·३ टक्के शुद्ध सोने असते. कमी शुद्धतेचा धातू अधिक कठीण असतो आणि त्याचा रंगही बदलतो. पाटल्या, मंगळसूत्र यांसारखे दागिने अलंकार म्हणून तसेच अडीअडचणीची पुंजी म्हणून करून घेतले जात. साहजिकच १४ कॅरटच्या दागिन्यांना ग्राहक मिळेना. सराफाजवळ भांडवल असे. सोनार मात्र बहुधा ग्राहकाने किंवा सराफाने दिलेले सोने घडवून त्याच्या घडणावळीवर निर्वाह करी. काम थांबताच त्याचे उत्पन्न थांबले. अनेकांनी पिढीजात धंदा सोडला. काहींनी आत्महत्या केल्या. विस्थापित सोनारांसाठी कर्जे, प्रशिक्षण व नोकरीतील वयाची सवलत अशा योजना आखाव्या लागल्या. परंतु भट्टी व हातोडीवर तयार झालेल्या प्रौढ कारागिरास नवा धंदा शिकणे सोपे नव्हते.

सप्टेंबर १९६३ मध्ये ग्राहकाचे जुने दागिने मोडून मूळ शुद्धतेचे दागिने घडविण्यास सोनारांना मुभा मिळाली. सोनारांच्या आंदोलनानंतर १९६६ मध्ये १४ कॅरटचे बंधनही उठले. तथापि सुवर्ण (नियंत्रण) अधिनियम, १९६८ अन्वये नियंत्रणास कायम स्वरूप प्राप्त झाले. व्यापाऱ्यास परवाना व सोनारास प्रमाणपत्र आवश्यक ठरले. जवळ बाळगावयाच्या सोन्यावर मर्यादा आली व हिशेब ठेवणे बंधनकारक झाले. सराफाच्या पेढीवर या कामासाठी मुनीम असे. एकट्या सोनारास मात्र तोच वेळ घडणीतून काढावा लागे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये या अधिनियमातील काही कलमे घटनाबाह्य ठरविली. परवाना देताना विचारात घ्यावयाच्या काही अटी अतिशय संदिग्ध आहेत, हे त्यामागील एक कारण होते. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती करण्यात आली.

सोन्याची मागणी आणि चोरटी आयात या उपायांनी थांबली नाही. अर्थमंत्री मधु दंडवते यांनी १९९० च्या अर्थसंकल्पात अधिनियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला व त्याच वर्षी तो निरसित झाला.

जून २०२१ पासून दागिन्यांवरील हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा करण्यात आला. आरंभी २५६ जिल्ह्यांत लागू झालेल्या या नियमातून वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना सूट देण्यात आली. शुद्धता ठरवून न देता ती ग्राहकास कळविणे, हे या नियमनाचे स्वरूप होय. १९६३ च्या नियमांत सराफाची पेढी आणि सोनाराची भट्टी यांतील फरक आरंभी विचारात घेतला गेला नव्हता. तो मान्य होईपर्यंत अनेक भट्ट्या विझल्या होत्या.