डॉल्फिनेरियम
डॉल्फिन व देवमासे यांना खेळ करून दाखवण्यासाठी बंदिस्त ठेवण्याचे जलगृह. चेन्नईजवळ १९९८ मध्ये बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन सहा महिन्यांच्या आत दगावले. तरीही पुढे सिंधुदुर्गासह काही ठिकाणी अशा जलगृहांचे बेत निघालेच. अखेर केंद्र सरकारच्या १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने राज्यांना त्यांस परवानगी देण्यास मनाई केली. या बुद्धिमान प्राण्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, हा त्यातील विचार जगभर गाजला. समर्थक लोकशिक्षण आणि संशोधनाचा दाखला देतात. पण प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधणारा, दिवसाकाठी मैलोगणती पोहणारा जीव सिमेंटच्या टाकीत आपले कोणते रूप दाखवणार, याचे उत्तर त्यांना जड जाते. त्याच सिंधुदुर्गातील मालवणच्या समुद्रात मात्र डॉल्फिन होडीतूनही मोकळे दिसतात.