‘समजले का?’ याचे मोजमाप

वजनासाठी तराजू आहे, तापासाठी तापमापी आहे. परंतु ‘मला हे समजले आहे’ ही जाणीव किती खरी, हे कशाने मोजायचे? वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि चाचणीत वेगळेच दिसते. मुले खोटे बोलत असतात असे नाही. एखादी गोष्ट येणे आणि ती आपल्याला येते की नाही हे ओळखणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसऱ्याला ‘अधिबोध’ म्हणजेच मेटाकॉग्निशन म्हणतात.

‘उत्तर तोंडावर आहे, पण आठवत नाही’ ही अवस्था आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेतील जोसेफ हार्ट यांनी १९६५ मध्ये तिची परीक्षा घेतली. उत्तर आठवले नाही, की ते विचारत, ‘पर्याय दिले तर ओळखाल?’ नंतर खरोखरच पर्याय देत. ‘ओळखू’ म्हटलेल्या प्रश्नांची उत्तरे इतरांपेक्षा अधिक वेळा बरोबर आली. आधी अंदाज नोंदवायचा, मग तो प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहायचा, हीच या मोजमापाची किल्ली ठरली.

१९७० मध्ये जॉन फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी मुलांना काही वस्तू पक्क्या पाठ होईपर्यंत पाहायला सांगितल्या. ‘झाले पाठ’ असे सगळीच म्हणाली. मोठ्या मुलांचे बहुधा खरे निघाले, लहानांचे बहुधा नाही. १९७७ मध्ये एलेन मार्कमन यांनी पत्त्यांच्या एका खेळाचे नियम सांगितले. ज्याच्याकडे ‘खास पत्ता’ असेल त्याची सरशी, पण खास पत्ता कोणता हे मुद्दामच सांगितले नाही. पहिलीतल्या अनेक मुलांना ही उणीव प्रत्यक्ष खेळायला लागेपर्यंत जाणवली नाही.

पुढे प्रश्नावल्या आल्या. १९९४ मध्ये श्रॉ आणि डेनिसन यांनी केलेल्या प्रश्नावलीत ५२ विधाने आहेत. मात्र येथे एक पेच आहे. ज्याला स्वतःच्या आकलनाचा अंदाज नाही, तो स्वतःविषयीची विधाने तरी अचूक कशी भरणार?

अंदाज कधी विचारावा, हेही महत्त्वाचे आहे. नेल्सन आणि डन्लॉस्की यांनी १९९१ मध्ये शब्दांच्या जोड्या पाठ करायला देऊन, ‘नंतर आठवेल का?’ असे काहींबाबत लगेच, तर काहींबाबत थोड्या वेळाने विचारले. उशिरा केलेले अंदाज कितीतरी अचूक ठरले. धडा नुकताच संपलेला असतो, तेव्हा तो मनात ताजा असतो आणि तो ताजेपणाच ‘समजले’ असे भासवतो.

यातून शिक्षकांना बिनखर्चाची एक पद्धत मिळते. धडा झाल्यावर एक-दोन दिवसांनी छोटी चाचणी घ्यावी. प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘खात्री नाही’ अशी खूण करायला सांगावी. तपासताना ‘खात्री आहे’ असे लिहून चुकलेली उत्तरे वेगळी काढावीत. चुकीची समजूत बहुधा तेथेच घर करून बसलेली असते. या खुणांना गुण मात्र देऊ नयेत; दिले, तर मुले प्रामाणिक अंदाज सोडून गुणांचा हिशेब करू लागतील.